मिलिटरीवाली पट्टी कारखान्यात ठेवू का?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचा चादरींचा छोटा कारखाना आहे, मशीनवर कुणाचा ना कुणाचा हात कापतोच. रक्त झटकन थांबवणारी मिलिटरीची पट्टी ऑनलाइन बघितली, महाग आहे, आणि पुतण्या म्हणतो त्यातल्या पावडरनं जखम भाजते. घेऊ का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: पुतण्याचं खोटं नाही, पण जुनं आहे. सुरुवातीला झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे थेट जखमेत ओतायचे, ते रक्तातलं पाणी शोषताना तापायचे आणि भाजायचंही. आता गॉजच्या लांब पट्टीत केओलिन, म्हणजे एक पांढरी माती असते, ती रक्त गोठायची क्रिया लवकर सुरू करते, तापत नाही. अमेरिकी सैन्यात 2008 पासून हीच पहिल्या पसंतीची. दुसरी कायटोसनची, कोळंबीच्या कवचापासून बनवलेली.

पण दादा, बोट कापलं म्हणून ही फोडू नका, स्वच्छ कापड धरून दहा मिनिटं घट्ट दाबा आणि मधेमधे उचलून ‘थांबलं का’ बघू नका, बस. ही पट्टी कशाला, तर जांघ, काख, खांदा अशा जागी खोल जखमेतून भळाभळा रक्त येतंय आणि आवळून बांधताही येत नाही तेव्हा. आणि ती वरून गुंडाळायची नसते हो, सगळे तिथंच चुकतात! आत कोंबायची. हातमोजे घाला, साचलेलं रक्त पुसून नेमकं कुठून येतंय ते शोधा, पट्टीचं टोक बोटानं तिथंच दाबा, दाब न सोडता दुसऱ्या हातानं भरत जा, जखमेच्या तोंडावर येईपर्यंत, मग अंगाचा भार टाकून निदान 3 मिनिटं दाबून धरा. माणूस ओरडणारच, ओरडू दे. छाती-पोटाच्या जखमेत मात्र कोंबायची नाही.

तुमच्याकडं खरा धोका हात मशीनमध्ये जायचा, तिथं आधी टूर्निकेट, म्हणजे हात-पाय आवळून रक्त थांबवायचा पट्टा, जखमेच्या 2-3 इंच वर, सांध्यावर नको, रक्त थांबेपर्यंत आवळा, वेळ लिहा, सैल करू नका. तोवर दुसऱ्यानं 108 लावायचा. हळद, चुना, कॉफी पावडर कुणालाही टाकू देऊ नका, नंतर ते धुऊन काढताना आमचे हाल होतात.

तर घ्या, पण टूर्निकेट आधी घ्या, दोन्ही मालकाच्या केबिनमध्ये कुलपात नको, मशीनजवळ ठेवा, एक्सपायरी बघा. आणि पट्टी वापरली तर रिकामं पाकीट पेशंटबरोबर पाठवा, आत काय भरलंय ते सिव्हिलच्या डॉक्टरांना कळायला हवं.