मूलपेशी एका रात्रीत का मरतात?

प्रश्न : मी नागपुरात संशोधन करते. मानवी मूलपेशी एन्झाइमने सुट्या करून नव्या प्लेटमध्ये घातल्या की सकाळी निम्म्याहून अधिक मरून तरंगत असतात. इनक्युबेटर नीट आहे, मीडिया (पेशींचं पोषक द्रव) ताजा आहे. मॅडम, माझा हातच वाईट आहे का?

उत्तर : हात वाईट नाही गं. ‘सुट्या करून’ असं तू सहज लिहून गेलीस, घोळ तिथेच आहे. या पेशी एकमेकींना बिलगून जगतात. तोडल्या की त्यांची आतली आकुंचनाची यंत्रणा आवरत नाही. सुट्या केल्यावर लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघ. रटरटणाऱ्या वरणासारखे कडेला फोड येतात, विरतात, पुन्हा येतात. मग पेशी मरते. हे आकुंचन घडवतं रॉक नावाचं एन्झाइम. २००७ साली जपानमध्ये योशिकी सासाई यांच्या गटाने ते रोखणारं वाय-२७६३२ नावाचं रसायन वापरलं, तेव्हा सुट्या पेशींतून वसाहती उभ्या राहण्याचं प्रमाण १ टक्क्यावरून सुमारे २७ टक्क्यांवर गेलं. तूही १० मायक्रोमोलर घाल, पहिले २४ तास. मग मीडिया बदल.

एकेक पेशी हवीच असेल तरच सुटी कर. एरवी पेशींमधली पकड सैल करणारं ईडीटीए हे रसायन घाल, पेशींमध्ये फटी दिसू लागल्या की ते काढ आणि मीडियाच्या हलक्या धारेने पुंजके सोडव. पिपेट दोन-तीनदाच वरखाली, जास्त नाही.

आणि आपला मे महिना! पेशी चिकटाव्यात म्हणून प्लेटवर पसरतो ते मॅट्रिजेल १० अंशांच्या वर गेलं की घट्ट होऊ लागतं. एसी बंद पडलेल्या एका दुपारी मी पिपेटच्या टिप्स थंड न करताच ते ओढलं, तर टिपेतच जेलीसारखं बसलं. प्लेटवर ठिगळं पडली आणि पेशी तेवढ्याच ठिगळांवर चिकटल्या. आठवड्याची मेहनत गेली, मी रडले होते. टिप्स, नळ्या, मीडिया आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेव आणि काम बर्फावरच कर.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगते. काही महिन्यांनी पेशी एकाएकी जोमाने वाढायला लागल्या, मरेनाशा झाल्या, तर हुरळू नकोस. २०व्या गुणसूत्राचा एक तुकडा वाढलेल्या पेशी मरण टाळतात आणि निरोगी पेशींना मागे सारतात. तो तुकडा लहान असला तर नेहमीच्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या गुणसूत्र-तपासणीत निसटतो, म्हणून फिश किंवा क्यूपीसीआर या नेमका तो तुकडा शोधणाऱ्या चाचण्यांपैकी एक करून घे. सुरुवातीच्या पॅसेजच्या (नव्या प्लेटमध्ये हलवण्याच्या फेरीच्या) पेशींच्या काही कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये राखून ठेव.

पुढच्या खेपेला पेशी घातल्यावर एका तासाचा आणि २४ तासांचा असे दोन फोटो मला पाठव.