जुन्या महिंद्रा जीपने जैसलमेरकडच्या तांड्यांच्या वाटा पाहता येतील का?

आपण नेरूळला राहता, काकांकडून १९६८ सालची महिंद्रा सीजे ३बी आपल्याकडे आली आहे आणि तिने जैसलमेरच्या आसपासच्या जुन्या व्यापारी वाटा धुंडाळायच्या आहेत. गाडीला हे झेपेल का आणि वाटा सापडायच्या कशा, असे आपण विचारले आहे. मी ठाण्यात राहतो, याच जातीची जीप बाळगून आहे आणि तिने त्या मुलखात फिरलो आहे. गाडीला हे निश्चित झेपेल, मात्र तिचा खरा त्रास वाळूत नाही. तो उष्णता, इंधन आणि कागदपत्रे यांत आहे.

आधी वाटांविषयी, कारण त्यावरच सगळे अवलंबून आहे. वाळवंटातील जुनी वाट म्हणजे वाळूच्या टेकड्यांवरून गेलेली चाकोरी अशी कल्पना असेल तर ती सोडून द्यावी. लादलेला उंटही चढणीच्या भुसभुशीत वाळूपेक्षा घट्ट जमीन पसंत करतो, आणि जैसलमेरभोवतीचा पुष्कळसा भाग खडकाळ, मुरमाड असल्यामुळे तांडे धोऱ्यांना, म्हणजे वाळूच्या टेकड्यांना, वळसा घालून या कठीण पट्ट्यांवरूनच जात असत. धोरे सरकतात, पण पाण्याच्या जागा सरकत नाहीत. म्हणून वाट शोधायची ती पाण्यावरून. पावसाचे वाहून येणारे पाणी लांब मातीच्या बांधाने अडवून मागच्या ओलाव्यावर गहू-हरभरा पिकवण्याची खडीन ही पद्धत पालीवाल ब्राह्मणांनी या भागात रुजवली. काही ठिकाणी जमिनीखाली जिप्समचा थर असतो; तो वरून मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही, आणि ते गोडे पाणी बेऱ्या, म्हणजे अरुंद छोट्या विहिरी, खणून काढले जाते. एका बेरीपासून पुढच्या तळ्यापर्यंत, तिथून खडिनापर्यंत आणि वाटेतल्या एखाद्या छत्रीपर्यंत (स्मारकापर्यंत) असे जोडत गेलात की सिंध आणि मुलतानकडे जाणाऱ्या मार्गाची दिशा आपोआप उलगडत जाते.

सुरुवात लोद्रव्यापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. रावळ जैसलने ११५६ मध्ये जैसलमेर वसवण्यापूर्वी भाटी राजपुतांची राजधानी तिथे होती. तिथून काक नदीच्या कोरड्या पात्राचा माग ठेवत कुलधऱ्याकडे यावे. एकोणिसाव्या शतकात ओस पडलेल्या या पालीवाल गावाविषयी दिवाण सालिमसिंहाच्या जाचाची कथा सर्वत्र ऐकवली जाते, परंतु गाव कोणत्या पाण्यावर उभे होते हे पाहिल्याखेरीज ते समजत नाही. आपल्यासारख्या मुंबई परिसरातील माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: मुंबई बंदर वाढले, माल समुद्रमार्गे जाऊ लागला आणि जैसलमेरचा उंटांवरचा व्यापार ओसरत गेला, १९४७ च्या फाळणीने उरलेले मार्गही बंद केले. त्या वाटांच्या निर्मनुष्यतेशी आपल्या शहराचा असा थेट संबंध आहे, आणि मला त्या भागात पुन्हा जावेसे वाटते त्याचे हे एक मोठे कारण आहे.

आता गाडी. सीजे ३बीचे वजन एक टनाच्या आसपास असते, चाकांमधील अंतर ८० इंच इतके आखूड असते आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणाऱ्या गिअरपेटीत) लो रेंज, म्हणजे हळू पण जोरदार ओढीचा गिअर, असते. त्यामुळे सैल वाळूच्या छोट्या पट्ट्यांतून ती आजच्या जड गाड्यांपेक्षा सहज निघते. चारचाकी ओढ (फोर-व्हील ड्राइव्ह) डांबरी रस्त्यावर लावू नये, वाळू लागण्यापूर्वी लावावी. टायरमधील हवा कमी करावी, पण फार नाही; ट्यूबचे टायर १५ पीएसआयच्या खाली नेले तर टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटला जाण्याची भीती असते. वाळूत ब्रेक दाबून थांबू नये, गाडीला आपोआप थांबू द्यावे, आणि थांबताना तोंड उताराकडे असावे. चाक फिरत राहून रुतू लागले की ॲक्सिलरेटर ताबडतोब सोडावा, फावड्याने वाळू उपसावी आणि चाकाखाली गोणपाट घालावे.

निघण्यापूर्वी चासी उचलून तपासून घ्यावी, विशेषतः स्प्रिंगच्या पाट्या जिथे टांगलेल्या असतात त्या हँगरजवळ, कारण नवी मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत गंज आतून धरतो. रेडिएटर स्वच्छ करून घ्यावा. उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ झाली की इंजिन बंद पडते. म्हणून इंधनाची नळी सायलेन्सरपासून दूर घेऊन तिला उष्णतारोधक आवरण घालावे आणि गाडीच्या इंधन पंपावर टाकायला ओले फडके हाताशी ठेवावे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खराब होतो, तेव्हा हे भाग इथेनॉल सोसणारे बसवून एक जोड सोबत घ्यावा.

कागदपत्रांत एक बारीक अडचण आहे. ५० वर्षांवरील वाहनांना २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण तशी नोंदणी केलेली गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. आपला बेत पाहता नवी मुंबईच्या परिवहन कार्यालयात नेहमीच्या नोंदणीचेच नूतनीकरण करावे, हे मी ठामपणे सुचवतो.

ठाण्याहून घोडबंदरमार्गे अहमदाबादचा महामार्ग धरला तर जैसलमेर हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि ही गाडी ताशी ६० च्या पुढे दामटू नये. तेव्हा बाडमेरपर्यंत ती ट्रकवर चढवून पाठवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा, सोबत दुसरी गाडी आणि स्थानिक वाटाड्या असावा. सीमेलगतच्या अधिसूचित भागासाठी जिल्हा प्रशासनाची परवानगी आधी काढावी. १९८० मध्ये स्थापन झालेल्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये ठरलेला रस्ता सोडून चाक घालूच नये. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपल्याला परिचित असलेला माळढोक तिथे उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो, आणि ते गाडीतून दिसत नाही.