आत्महत्या प्रतिबंधाच्या प्रशिक्षणाला निघताना

अनेक आशीर्वाद.

पीएच.डी. पदरात पडली आणि आता मनोरुग्णालयात आत्महत्या प्रतिबंधाची फेलोशिप करायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. तुझ्या पत्रातला एक प्रश्न मात्र मनात राहिला. कोणता रुग्ण जिवाचं बरंवाईट करेल हे ओळखायला तिथे शिकता येईल का?

नाही येणार, आणि हे आधीच ठाऊक असलेलं बरं. २०१७ साली फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून तपासले. ज्यांना आपण धोक्याचे घटक म्हणतो, त्यांच्यावरून केलेलं भाकीत निव्वळ योगायोगापेक्षा जेमतेमच सरस निघालं. म्हणून मोजपट्ट्या फेकून द्यायच्या असं नाही. कोलंबिया स्केल, म्हणजे आत्महत्येच्या विचारांबद्दलची ठरावीक प्रश्नावली, नीट वापरलं तर नुसता विचार, हेतू, योजना आणि प्रत्यक्ष प्रयत्न यांची गल्लत होत नाही. पण फाइलवर ‘जोखीम कमी’ असं लिहिलं की सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो, आणि मला भीती त्याचीच वाटते. तुझ्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे: या माणसाला आजची रात्र आणि पुढचे काही आठवडे निभावता यावेत म्हणून आपण दोघं मिळून काय करू शकतो?

त्यासाठी आधी विचारावं लागतं. धास्तावलेला थेरपिस्ट म्हणतो, ‘तसलं काही मनात येत नाही ना?’ असं विचारलं की समोरचा त्यालाच सांभाळून घेतो आणि ‘छे, छे’ म्हणून मोकळा होतो. ‘जीव द्यावा असं मनात येतं का? शेवटचं कधी आलं होतं?’ असं सरळ विचार आणि मग गप्प राहा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. प्रयत्न होऊन गेला असेल तर ‘का केलंत?’ हा प्रश्न टाळ, त्याला जाब विचारल्याचा वास येतो. ‘त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?’ म्हण. सांगता सांगता माणूस स्वतःच एखाद्या जागी थबकतो: इथे मन थोडं मागे आलं होतं. ती जागा टिपून ठेव, पुढची थेरपी तिथूनच उभी राहते. २००५ साली ब्राउन, बेक आणि सहकाऱ्यांची जी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात अशाच धाटणीच्या दहा सत्रांच्या थेरपीनंतर अठरा महिन्यांत पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २४ टक्के होतं, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत सुमारे ४२ टक्के.

सेफ्टी प्लॅनबद्दल, म्हणजे संकटाच्या क्षणी रुग्णाने पायरीपायरीने काय करायचं याच्या लेखी आराखड्याबद्दल, जरा सविस्तर लिहिते, कारण तो सगळ्यांना येतो असं सगळ्यांनाच वाटतं. स्टॅन्ली आणि ब्राउन यांचा हा आराखडा एका कागदावर मावतो, म्हणून डिस्चार्जच्या गडबडीत तो फॉर्मसारखा भरून घेतला जातो. पेन रुग्णाच्या हातात दे. ‘फोन कुणाला करणार?’ ‘भावाला.’ इथे थांबू नकोस. भाऊ रात्री फोन सायलेंटवर ठेवतो का? त्याला काय सांगणार, पहिलं वाक्य कोणतं? त्याने उचललाच नाही तर? ज्या साधनाचा विचार मनात येतो ते घरातून कोण हलवणार, आणि माणूस घरी पोचण्याआधी हलवणार ना? ‘सकारात्मक विचार करेन’ असलं काही कागदावर आलं तर खोडायला सांग, त्या क्षणी ते कुणालाही जमत नाही. ‘अंघोळ करून खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन बसेन’ हे जमतं. ‘मी काही करणार नाही’ असं वचन मात्र कुणाकडून लिहून घेऊ नकोस. त्याने जीव वाचतो याला पुरावा नाही, उलट खरं सांगायची वाट बंद होते.

आणि तो कागद देऊन हात झटकायचे नाहीत. स्टॅन्ली आणि ब्राउन यांच्याच २०१८ च्या अभ्यासात इमर्जन्सी विभागातून घरी जाणाऱ्यांना सेफ्टी प्लॅन आणि नंतर फोन, असं दोन्ही मिळालं, तेव्हा सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. डिस्चार्जनंतरचे पहिले तीन महिने सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमकं तेव्हाच वॉर्डाचं लक्ष नव्या रुग्णांकडे गेलेलं असतं. मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोट्टो यांनी सॅन फ्रान्सिस्कोत, पुढचे उपचार नाकारलेल्या किंवा अर्धवट सोडलेल्या रुग्णांना पाच वर्षं छोटी, काहीही न मागणारी पत्रं पाठवली. पहिल्या दोन वर्षांत त्या गटात आत्महत्या कमी झाल्या. इतकं साधं काम इतक्या कमी ठिकाणी होतं याचं मला आजही वाईट वाटतं. तू जिथे जाशील तिथे ते सुरू करायला लाव.

रात्रपाळीच्या नर्सच्या नोंदी रोज सकाळी वाच. कोण झोपलं नाही, कुणी ताट परत पाठवलं, हे राउंडमध्ये कुणी सांगत नाही.

आता जागा निवडण्याबद्दल. नावाजलेला विभाग, प्रकाशनांची यादी, हे दुय्यम आहे. तुझ्या सत्रांची रेकॉर्डिंग सुपरव्हायझर स्वतः ऐकतात का, हे विचार. नुसत्या तोंडी वृत्तांतावर चालणारं सुपरव्हिजन या कामाला पुरत नाही, कारण आपण कुठे घाईने विषय बदलला हे आपल्याला सांगताच येत नाही. दुसरं, संशोधनाचे दिवस वॉर्डातली माणसं कमी पडली की कापले जातात का? आत्महत्येचे विचार असलेल्यांना वर्षानुवर्षं औषधांच्या आणि थेरपीच्या चाचण्यांतून वगळलं गेलं, म्हणून इथे नव्या संशोधकांची खरंच गरज आहे.

तिसरा प्रश्न विचारायला जड जाईल, तरी विचार. इथे एखादा रुग्ण आत्महत्येने गेला, तर त्याच्यासोबत काम करणाऱ्या फेलोचं काय होतं? त्या दिवशी त्याच्याजवळ कोण बसतं, नातेवाइकांना भेटायला कोण सोबत येतं, चौकशीत त्याची बाजू कोण मांडतं? सगळं नीट करूनही असं घडू शकतं. ‘आमच्याकडे असं होत नाही’ हे उत्तर आलं तर तिथे जाऊ नकोस. कुणी थोडं थांबून, शेवटच्या वेळी काय केलं होतं ते तपशीलवार सांगितलं, तर बाकीच्या उणिवा चालवून घे.

मुलाखत झाली की तिन्ही उत्तरं मला कळव. मग बसून ठरवू.

तुझी,
बाई