वाफ मोजायची तर फुगा कशाला?

प्रश्न : जीपीएसच्या संदेशांवरून हवेतली वाफ मोजता येते, असं वाचलं. जागा दाखवणाऱ्या यंत्रणेला वाफ कशी कळते? आणि कळत असेल, तर हवामानाचे फुगे अजून का सोडतात?

उत्तर : मी आधी अनेक वर्षं फुगे सोडले आणि नंतर जीपीएसच्या नोंदी तपासल्या. दोन्ही कामांवर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून रेडिओलहरी पाठवतात. हवेतून येताना त्या किंचित रेंगाळतात. हा उशीर अंतरात सांगायची पद्धत आहे. उपग्रह थेट डोक्यावर असेल तर समुद्रसपाटीला कोरड्या हवेपायी साधारण २.३ मीटर, आणि वाफेपायी काही सेंटीमीटरपासून ३५-४० सेंटीमीटरपर्यंत. भूमापन करणाऱ्यांना ही नुसती चूक वाटे, काढून टाकण्याजोगी. त्या चुकीतच वाफेचं माप दडलंय, हे मायकेल बेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ च्या शोधनिबंधात मांडलं.

आयनांबरातला, म्हणजे खूप उंचावरच्या विद्युतभारित थरातला, उशीर दोन वेगळ्या वारंवारतांच्या लहरी ताडून वजा होतो. कोरड्या हवेचा वाटा जमिनीवरच्या वायुदाबावरून काढता येतो. मागे राहतो तो वाफेचा. त्यातला साडेसहा मिलिमीटर उशीर म्हणजे ढोबळमानाने एक मिलिमीटर पाणी. डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पाणी होऊन खाली पसरली, तर जेवढी उंची भरेल तेवढी. हे खिशातल्या मोबाईलचं काम नाही, त्याला पक्क्या खांबावर बसवलेला अँटेना लागतो.

इथे वायुदाबाकडे दुर्लक्ष केलं की घात होतो. एका केंद्रावर जीपीएसचा आकडा फुग्यापेक्षा महिनोन् महिने थोडा कमी यायचा. पावसाळी हवेतल्या ५० मिलिमीटर वाफेत तो फरक लपे, कोरड्या दिवसांत मात्र डोळ्यांत खुपे. आम्ही फुग्यावर संशय घेतला, केबल बदलली. शेवटी कळलं की अँटेना गच्चीवर आणि वायुदाबमापक सोळा मीटर खाली, तळमजल्यावर. एवढ्या उंचीला दाब सुमारे २ हेक्टोपास्कलने बदलतो. तळाचा जास्त दाब धरल्याने कोरड्या हवेचा वाटा साडेचार मिलिमीटरने फुगत होता आणि वाफेच्या हिशेबातून ०.७ मिलिमीटर पाणी गळत होतं. उंचीची दुरुस्ती घातल्यावर दोन्ही आलेख जुळले. त्या दिवसाचा आनंद मला अजून आठवतो.

आता फुगा. त्याला रेडिओसॉन्ड नावाची हलकी पेटी टांगतात. तिच्या टोकाला ओलावा मोजणारी नखाहूनही लहान पट्टी असते. तिला बोट लावायचं नाही, त्वचेचं तेलसुद्धा तिला बाधतं. फुगा सेकंदाला साधारण पाच मीटर वेगाने चढतो, वर दाब कमी होत जातो तसा फुगत जातो आणि बहुधा ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो. वाटेत पेटी सतत नोंदी पाठवते. तिचेही दोष आहेत. उन्हाने पट्टी तापली की हवा आहे त्याहून कोरडी दिसते, ढगातून भिजून बाहेर पडली की काही वेळ ओलीच सांगत राहते, आणि अतिथंड हवेत तिचा प्रतिसाद मंदावतो. हे माहीत असलं की दुरुस्ती करता येते.

पण फुगे बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदाच सुटतात. मधल्या बारा तासांत ओली हवा सरकत आली, तर ती जीपीएसलाच दिसते. तो दर अर्ध्या तासाला किंवा त्याहूनही लवकर आकडा देतो, ढग असोत वा पाऊस. त्याचं अडतं एका जागी. जमिनीवरच्या एका अँटेनाकडून येते ती बेरीज, थरांचा तपशील नाही. ४० मिलिमीटर वाफ खालच्या दोन किलोमीटरमध्ये दाटलेली आहे की वरपर्यंत पसरलेली, हे त्या आकड्यावरून ओळखता येत नाही. गडगडाटी ढग वाढेल का, हे ठरवताना नेमकं तेच हवं असतं. म्हणून फुगे सोडावे लागतात.