विज्ञान, इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरमधल्या संशोधनात फरक काय?

एकच विषय घ्या, भूकंप. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला मोठा धक्का बसला. जलाशयातल्या पाण्यामुळे जमिनीखालचे प्रस्तरभंग (खडकातल्या मोठ्या भेगा) कसे सरकतात, हा विज्ञानाचा प्रश्न. त्यासाठी तिथे सुमारे ३ किलोमीटर खोल विवर खणलंय! धरणाला वरच्या भागात, जिथे उतार बदलतो तिथेच, तडे का गेले हा इंजिनिअरिंगचा. कोयनेचं गणित आजही जगभरचे संशोधक आपलं संगणकीय मॉडेल तपासायला सोडवतात.

आर्किटेक्चरसाठी मात्र किल्लारी (१९९३) बघा. दगडमातीच्या जड भिंती कोसळल्या, हे झालं तांत्रिक. पण लोक वाड्यांच्या गल्ल्या सोडून पुनर्वसनाच्या आखीव चौकोनी वसाहतीत गेल्यावर शेजार, ओसरी, गुरं यांचं काय होतं? हेही संशोधनच, आणि मला तरी तेच जास्त अवघड वाटतं.