गोहमाचा एकच डोळा

प्रश्न : ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या मालिकेच्या १९८६ सालच्या पहिल्या व्हिडिओ खेळात खेकड्यासारखा दिसणारा गोहमा हा राक्षस तलवारीने मरत नाही आणि बाणही कधी लागतो, कधी वाया जातो. हा नशिबाचा भाग आहे का? आणि तो खेकडा आहे की कोळी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नशिबाचा यात काहीच भाग नाही. गोहमाचे सगळे शरीर कठीण कवचाचे असल्यामुळे तलवार आणि बाँब दोन्ही त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात. त्याचे मर्म म्हणजे मधोमध असलेला एकुलता एक डोळा, आणि तो पूर्ण उघडलेला असतानाच बाण लागू पडतो. डोळा मिटलेला किंवा अर्धवट उघडा असेल तर बाण वाया जातो. तो बहुतेक वेळ आडवा सरकत अग्निगोळे फेकत असल्याने, त्याच्यासमोर उभे राहून गोळे चुकवत डोळा उघडण्याची वाट पाहावी लागते. लाल गोहमाला एक बाण पुरतो, निळ्याला तीन लागतात. या खेळात प्रत्येक बाणामागे एक रुपी, म्हणजे खेळातले नाणे, खर्च होते, त्यामुळे थैली रिकामी असेल तर हातात धनुष्य असूनही बाण सुटत नाही. म्हणून त्याच्या दालनात शिरण्यापूर्वी रुपी अवश्य साठवावेत.

त्याची जात मात्र खेळ बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीने कधीच एका साच्यात बांधलेली नाही. पहिल्या खेळात तो खेकड्याच्या जवळचा वाटतो, तर १९९८ सालच्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मधील राणी गोहमा उघडच कोळ्याच्या वळणाची आहे. ती छताला चिकटून बसलेली असते आणि खेळाडूने मान वर करून तिच्याकडे पाहिल्यावरच लढाई सुरू होते. माझ्या मते संपूर्ण मालिकेतला हा सर्वांत परिणामकारक प्रवेश आहे. तिथे गलोलीने डोळ्यावर नेम धरून तिला खाली पाडायचे आणि मग तलवार चालवायची. ‘विंड वेकर’मध्ये आकड्याच्या दोरीने ड्रॅगनच्या शेपटीला लोंबकळून छताचा दगड गोहमावर पाडावा लागतो, आणि तीन वेळा असे केल्यावर कवच फुटून डोळा उघडा पडतो. २०२३ सालच्या ‘टीअर्स ऑफ द किंगडम’मधल्या अग्निमंदिरात युनोबो या सोबत्याच्या धडकेने गोहमाचे पाय मोडायचे असतात, आणि तो कोसळला की घाव घालायचा तो पुन्हा डोळ्यावरच.