हाताचा कंप आणि डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत तार बसवून करंट देण्याची शस्त्रक्रिया) : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. कप तोंडाशी नेताना हात थरथरतो, सही जुळत नाही. हा पार्किन्सन्स का?

वर्णनावरून एसेन्शियल ट्रेमर, म्हणजे हालचाल करताना हात कापण्याचा वेगळा आजार वाटतो. पार्किन्सन्समध्ये हात बहुधा मांडीवर स्वस्थ असताना कापतो, यात काम करताना. निदान मात्र न्यूरॉलॉजिस्टकडूनच करून घ्या. थायरॉइड तपासा आणि चालू औषधं दाखवा. दम्याचं साल्ब्युटामॉल किंवा फिटचं व्हॅल्प्रोएट यांनीही हात कापतात. उपचाराची सुरुवात प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोनने होते. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको.

प्रश्न : दोन्ही गोळ्या घेऊन झाल्या. आता डीबीएस सुचवलंय, तेही आईला जागं ठेवून! तिला सोसेल का?

भीती वाटणारच. पण मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही; डोक्याची कातडी बधिर करतात. मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमसमधल्या ‘व्हिम’ नावाच्या छोट्याशा भागात बारीक तार बसवतात आणि करंट सुरू करून आईंना कागदावर गोल काढायला सांगतात. कंप थांबतो का, जीभ जड होते का, हे तिथल्या तिथे कळावं म्हणून जागं ठेवायचं. (काही ठिकाणी पूर्ण भूल देऊनही करतात.) तारेला करंट पुरवणारी बॅटरी छातीत, गळपट्टीच्या हाडाखाली बसते.

१९८७ मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोबल इथे डॉ. बेनाबिद यांनी ही पद्धत सुरू केली; अमेरिकेत या कंपासाठी १९९७ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे हा नवखा प्रयोग नाही. तरी मेंदूत रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे धोके खरे आहेत. आजारही मुळातून जात नाही, करंट बंद केला की कंप परततो. माझ्या मते वयाकडे बघून निर्णय घेऊ नका. आईंना स्वतःच्या हाताने जेवता येतं का, ते बघा. येत असेल तर घाई नको.

प्रश्न : मान आणि आवाजही कापतो. थांबेल?

हाताइतका भरवसा नाही. त्यासाठी बहुधा मेंदूच्या दोन्ही बाजूंना तारा लागतात आणि मग बोलणं अडखळण्याचा, तोल जाण्याचा संभव वाढतो.

प्रश्न : नंतर काय पथ्यं?

खर्चाचा हिशेब आधीच करा : साधी बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षांनी बदलावी लागते, चार्ज होणारी बरीच जास्त टिकते. एमआरआयपूर्वी यंत्राचं कार्ड दाखवा. आणि गुडघा दुखतो म्हणून फिजिओथेरपीला गेलात, तर डायथर्मीचा (यंत्राने शरीरात खोलवर उष्णता देणारा) शेक अजिबात घेऊ नका. तार तापून मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.